नस बधिर करणारा सर्जन

सप्टेंबर 1884 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरचा शोध जाहीर झाला. डोळ्यात कोकेनचे थेंब घातले, की रुग्ण जागा असतानाही डोळा बधिर होतो. न्यूयॉर्कमध्ये ही बातमी वाचून 32 वर्षांचे सर्जन विल्यम हॉलस्टेड एक पाऊल पुढे गेले. त्वचा बधिर करण्याऐवजी तिथवर जाणारी मुख्य नसच बधिर केली तर?

सहकारी रिचर्ड हॉल यांच्यासह त्यांनी प्रयोग सुरू केले. जबड्यातल्या नसेजवळ एक इंजेक्शन दिले, की त्या बाजूचे खालचे दात बधिर होत. हाताच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र हॉलस्टेड यांना मानेपाशी चीर देऊन नसांचे जाळे उघडे करावे लागले, कारण नस डोळ्यांना दिसल्याशिवाय सुई नेमकी कुठे टोचायची, हे कळत नव्हते.

सुया ते स्वतःलाही टोचून घेत. कोकेनचे व्यसन लागते, हे तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नव्हते. दोघेही त्यात अडकले. 1886 मध्ये हॉलस्टेड यांना प्रॉव्हिडन्सच्या बटलर रुग्णालयात दाखल करण्यात आले. तिथे कोकेन सोडवण्यासाठी मॉर्फिन देण्यात आले आणि मग मॉर्फिनच मागे लागले.

तरीही मित्र विल्यम वेल्श यांच्या आधाराने ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे पहिले मुख्य सर्जन झाले. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे आणि सर्जन घडवणारी निवासी प्रशिक्षणाची पद्धत त्यांनी रुजवली. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले. मॉर्फिन सुटले नव्हते, ही गोष्ट सहकारी विल्यम ऑस्लर यांच्या गुप्त नोंदींतून 1969 मध्ये उघड झाली.

हॉलस्टेड यांना चीर देऊन जे पाहावे लागले, ते आज भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहतात. 1994 मध्ये व्हिएन्नाच्याच डॉक्टरांनी हाताची नस अशी पाहून बधिर केली. सुईचे टोक, नस आणि शेजारची रक्तवाहिनी एकाच वेळी दिसत असल्याने औषध नेमके नसेभोवती सोडता येते. गुडघा किंवा खांद्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत तिथे बारीक कॅथेटर ठेवला, तर दोन-तीन दिवस भुलीचे औषध हळूहळू मिळत राहते. कोकेनची जागा आता व्यसन न लावणाऱ्या औषधांनी घेतली आहे.

त्यामुळे वेदना आटोक्यात राहतात आणि मॉर्फिनची गरज कमी होते. ज्या औषधाने हॉलस्टेड यांना आयुष्यभर सोडले नाही, त्यापासून रुग्णांना दूर ठेवण्याचे काम आज त्यांचीच कल्पना करते आहे.