सगळे सारखे नकोत, सगळे हवेत!

‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली ती पोरं बेसमेंटमध्ये टेबलाभोवती बसून फासे टाकतात, आठवतंय? तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तुमच्या कॉलेजात कुणी ना कुणी तो खेळत असेलच. नसेल, तरी कॉम्प्युटर गेममध्ये ‘क्लास’ निवडताना तुम्ही कधी तरी अडला असालच. योद्धा होऊ की जादूगार? हा प्रश्न तुमच्यापुढे ठेवणाऱ्या माणसाची ही गोष्ट. त्याचं नाव गॅरी गायगॅक्स.

जन्म १९३८ चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. गॅरी वाढला विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात. शाळा अर्धवट सोडली. पुढे विमा कंपनीत नोकरी लागली, पण जीव अडकला होता युद्धाच्या खेळांमध्ये. टेबलावर छोटे सैनिक मांडायचे आणि नियमांनुसार लढाया लढायच्या. १९६८ मध्ये त्याने गावातला हॉल घेऊन अशा खेळाडूंचं संमेलन भरवलं. तेच आजचं ‘जेन कॉन’. १९७० मध्ये नोकरी गेली. घरात बायको, पाच मुलं. मग पठ्ठ्या तळघरात बसून चपला-बूट दुरुस्त करू लागला. खेळ मात्र सुटला नाही.

१९७१ मध्ये जेफ पेरेनबरोबर त्याने ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन लढायांची नियमावली काढली. तिला ड्रॅगन आणि जादूगारांची पुरवणी होती. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनने ती वापरून वेगळाच डाव मांडला. अख्खं सैन्य नाही, प्रत्येकाने एकच पात्र सांभाळायचं. १९७२ च्या शेवटी त्याने तो गॅरीला खेळून दाखवला. गॅरी टाइपरायटरला चिकटला. मित्र डॉन केबरोबर त्याने ‘टीएसआर’ ही कंपनी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये खेळ बाजारात आला. प्रती १०००, किंमत १० डॉलर.

त्यात क्लास होते तीनच : लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर आला. आता गॅरीपुढचा पेच बघा. टेबलावर चार मित्र आहेत. जादूगार एका मंत्रात शत्रूंचा घोळका जाळणार असेल, तर तलवारवाल्याने काय टाळ्या वाजवायच्या?

गॅरीचं उत्तर होतं, प्रत्येकाला वेगळी किंमत मोजायला लावायची. लढवय्याचा दम ठरवायला आठ बाजूंचा फासा, जादूगाराला चार बाजूंचा. जादूगाराला चिलखत नाही, हत्यार म्हणून फक्त खंजीर आणि सुरुवातीला दिवसाला एकच मंत्र. तो संपला की मित्रांच्या पाठीमागे लपायचं! वरच्या लेव्हलला जायचा दरही वेगळा. दुसऱ्या लेव्हलसाठी चोराला १२०० पॉइंट, लढवय्याला २०००, जादूगाराला २५००. म्हणजे आधी लढवय्याने जादूगाराला जगवायचं, पुढे जादूगाराने सगळ्यांना वाचवायचं. कुणीच कुणासारखा नाही, पण एकट्याचं कुणाचंच भागत नाही. उणीव एकच : जादूगार पार वर पोचला, की बाकीचे खरोखरच फिके पडायचे. त्यावरची भांडणं आजही मिटलेली नाहीत.

टेबलावर एवढा विचार करणाऱ्या गॅरीला टेबलाबाहेर मात्र हा तोल जमला नाही. खेळ दोघांचा होता, तरी श्रेय आणि रॉयल्टीवरून आर्नेसनला १९७९ मध्ये कोर्टात जावं लागलं. १९८१ मध्ये तडजोड झाली, पण मैत्रीतला तडा राहिला. कंपनी फुगली, भागीदारांशी बिनसलं. गॅरी हॉलिवूडमध्ये खेळाची कार्टून मालिका मार्गी लावत होता, इकडे कंपनी कर्जात बुडत होती. १९८५ मध्ये भागीदारांनी शेअर विकले, ताबा गेला. पुढच्या वर्षी तो स्वतःच उभारलेल्या कंपनीतून बाहेर पडला.

तरी तो खेळत राहिला. म्हातारपणी लेक जिनिव्हातल्या घराच्या पडवीत ओळखी-अनोळखी लोकांना बसवून डाव मांडायचा. ४ मार्च २००८ ला तो गेला, वय ६९.

त्यानंतर तीनच महिन्यांनी खेळाची चौथी आवृत्ती आली. तिने तोलाचा प्रश्न कायमचा सोडवायला सगळ्या क्लासना एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या. हिशेब चोख, तक्रारीला जागा नाही. पण बऱ्याच जणांना वाटलं, आता सगळेच सारखे झाले की! २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वेगळेपण पुन्हा आणावं लागलं.

तेव्हा पुढच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये काम वाटताना गॅरी आठवा. एक जण बोलण्यात भारी, एक आकडेमोडीत, एक रात्रभर जागून टाइप करणारा. प्रत्येकाला त्याचा डाव खेळू द्या. आणि पहिल्या पानावर नावं लिहाल तेव्हा आर्नेसनही आठवा. कुणाचं नाव राहायला नको!