पाचगणीच्या बोर्डिंगमधला फारूख आणि गाणं 'बघायला' शिकवणारा फ्रेडी मर्क्युरी

नवीन गाणं आलं की हल्ली आपण मित्राला विचारतो, पाहिलंस का? ऐकलंस का, असं फार कोणी म्हणत नाही. आमच्या लोहाऱ्यात, म्हणजे यवतमाळला खेटून असलेल्या गावातही पोरं गाणं करायचं ठरवतात तेव्हा चाल पक्की व्हायच्या आधी शूटिंग कुठं करायचं याची चर्चा सुरू होते.

जगाला ही सवय लावणाऱ्यांमध्ये एक माणूस चक्क आपल्या सातारा जिल्ह्यात शिकलेला होता. फ्रेडी मर्क्युरी.

खरं नाव फारूख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांजीबार. घर पारशी, मूळ गुजरातचं. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. आठ वर्षांच्या फारूखला त्यांनी बोटीनं भारतात पाठवलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातलं. आई-वडील समुद्रापार, सुट्टी लागली की मुंबईत नातेवाइकांकडे.

त्याला जन्मतः वरच्या जबड्यात चार दात जास्त होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पोरं ती पोरं, त्यांनी त्याला 'बकी' म्हणायला सुरुवात केली. फ्रेडी हे नावही शाळेतलंच. इथंच तो पियानो शिकला आणि बाराव्या वर्षी मित्रांसोबत 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात तो गायचा कमी, पियानो जास्त वाजवायचा.

१९६४ मध्ये झांजीबारमध्ये क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब जीव वाचवून लंडनला आलं. फ्रेडीनं तिथं ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं. हे शिक्षण फार महत्त्वाचं. १९७० मध्ये 'क्वीन' बँड उभा राहिला तेव्हा त्याचं नाव फ्रेडीनं सुचवलं आणि बोधचिन्हही त्यानंच काढलं. आडनाव बदलून मर्क्युरी केलं. दात मात्र कधीच काढले नाहीत, आवाज बदलेल ही भीती. फोटोत तो ओठांनी ते झाकायचा.

आता येऊ १९७५ वर. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे जवळपास सहा मिनिटांचं गाणं आलं. अडचण अशी, की मधल्या ऑपेरासारख्या भागात आवाजावर आवाज चढवून रेकॉर्डिंग केलेलं. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये चौघांनी उभं राहून त्यावर नुसते ओठ हलवले असते तर हसू झालं असतं. शिवाय बँडला दौऱ्यावर निघायचं होतं. मग दिग्दर्शक ब्रूस गॉवर्सनी नोव्हेंबरमध्ये एल्स्ट्री स्टुडिओत चार-एक तासांत व्हिडिओ उरकला. खर्च साडेचार हजार पौंडांच्या आसपास. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे होत मागे जातात ना, ती कॉम्प्युटरची कमाल नव्हे. कॅमेरा त्याच्याच मॉनिटरवर रोखला होता, बस्स.

गाण्याची फिल्म करणारे ते पहिले नव्हेत, बीटल्सनं आधीच केलं होतं. पण हे गाणं ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं आणि कंपन्यांना हिशेब कळला. गायक स्वतः हजर नसला तरी चालतं, त्याचा चेहरा दर आठवड्याला घरात पोचतो. एमटीव्ही त्यानंतर सहा वर्षांनी, १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं. आपल्याकडे तेव्हा चेहरा नटाचा आणि आवाज पडद्यामागच्या गायकाचा होता. गायकच नायक हे आपल्याला नव्वदीत अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'नं नीट दाखवलं.

पण हाच व्हिडिओ अंगलटही यायचा. १९८४ मध्ये 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'साठी चौघांनी बायकांचे कपडे घातले. फ्रेडी मिशी ठेवून व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय. ही एका ब्रिटिश मालिकेची टिंगल होती. ब्रिटन हसलं, अमेरिकेला ते पचलं नाही. बालगंधर्वांना डोक्यावर घेतलेल्या आपल्या लोकांना यात एवढं काय बिघडलं हा प्रश्न पडेल. फ्रेडी असेपर्यंत क्वीननं पुन्हा अमेरिकेचा दौरा केला नाही.

१३ जुलै १९८५ ला वेम्बलीवर 'लाइव्ह एड' झालं. ७२ हजार लोकांसमोरची ती वीसेक मिनिटं बघितली, की हा माणूस नुसत्या व्हिडिओवर मोठा झालेला नव्हता हे दिसतं.

दोन वर्षांनी त्याला एड्स असल्याचं निदान झालं. त्यानं ते जगापासून लपवलं. मे १९९१ मध्ये 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्हज'चं शूटिंग झालं. शरीर इतकं खंगलं होतं की व्हिडिओ कृष्णधवल ठेवला, चेहऱ्यावर मेकअपचा जाड थर दिला. तो जवळपास एकाच जागी उभा आहे, फक्त हात आणि डोळे हलतात. ज्या पडद्यानं त्याला घडवलं, त्यावरच आता आजार झाकायचा होता.

त्याच सप्टेंबरमध्ये स्टार टीव्हीवरून एमटीव्ही भारतात दिसू लागलं. २३ नोव्हेंबरला फ्रेडीनं आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४५. लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या आणि अंत्यसंस्कार झाले. डिसेंबरमध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा बाजारात आलं, सोबत तेच शेवटचं गाणं होतं. पुन्हा पहिला नंबर, पाच आठवडे.