माळ्याची कुंडी आणि रेल्वेचा स्लीपर

(काँक्रीटमध्ये लोखंड घातले की ते बळकट होते, ही गोष्ट आज सर्वांच्या परिचयाची आहे. ती जगापुढे आणण्यात फ्रान्समधील एका माळ्याचा मोठा वाटा होता. त्याचे नाव जोसेफ मोनिए. प्रस्तुत पाठात त्यांच्या जीवनाची आणि त्यांनी सुचवलेल्या एका उपयुक्त वस्तूची ओळख करून दिली आहे.)

मुलांनो, रेल्वेच्या फलाटावर उभे राहून तुम्ही कधी रुळांकडे निरखून पाहिले आहे का? दोन लांबच लांब रूळ, त्यांच्याखाली सारख्या अंतरावर टाकलेले आडवे स्लीपर आणि त्यांच्याखाली दगडांची खडी. गाडी येते आणि धडधडत निघून जाते. आपले सगळे लक्ष गाडीकडे असते. स्लीपरकडे कोण पाहतो? पण गाडीचा भार रुळांकडून घेऊन तो खडीवर पसरवण्याचे काम स्लीपरच करतो. दोन रुळांमधले अंतर कायम राखण्याचे कामही त्याचेच. हे अंतर बिघडले तर गाडी रुळांवरून घसरते.

आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे स्लीपर काँक्रीटचे असतात. पूर्वी ते लाकडाचे असत. लाकडाऐवजी लोखंड घातलेल्या काँक्रीटचा स्लीपर करावा, असे सुचवून त्याचे पेटंट घेणारा माणूस इंजिनियर नव्हता. तो होता एक माळी. तुमच्या उर्दू भाषेत ज्याला बागबान म्हणतात, तोच.

जोसेफ मोनिए यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८२३ रोजी दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यात झाला. ते खेडे मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होते. तेथून जवळच उझेस नावाचे गाव आहे. जोसेफचे कुटुंब तेथील सरदाराच्या बागेत काम करत असे. घरात भावंडे पुष्कळ होती आणि बागेत कामाला माणसे हवी होती. त्यामुळे जोसेफला शाळेत घातलेच नाही. ज्या वयात मुले पाटी घेऊन शाळेत जातात, त्या वयात तो माती खणत होता, रोपांना पाणी घालत होता.

शाळा नसली तरी हाताला काम होते आणि कामात मन होते. सतरा वर्षांचा होईपर्यंत जोसेफ उत्तम माळी झाला. त्याचे कसब पाहून सरदाराने त्याला पॅरिसमधील आपल्या वाड्यावर नेले. पॅरिस हे मोठे शहर. तेथे आल्यावर जोसेफने पहिली गोष्ट कोणती केली असेल? तो संध्याकाळच्या वर्गात जाऊ लागला. दिवसभर बागेत मेहनत करायची आणि दिवेलागणीनंतर अक्षरे गिरवायची, असा त्याचा क्रम सुरू झाला. इतक्या मोठ्या वयात मुळाक्षरे शिकण्याची त्याला लाज वाटली नाही. पुढे त्याने पेटंटसाठी अर्ज केले आणि कारखाना चालवला. त्याचा पाया या संध्याकाळच्या वर्गातच घातला गेला.

पुढे मोनिए यांना पॅरिसच्या प्रसिद्ध तुइलरी बागेत काम मिळाले. तेथे संत्र्यांची झाडे होती. फ्रान्समध्ये हिवाळा कडक असतो. संत्र्याच्या झाडांना ती थंडी सोसत नाही. म्हणून ही झाडे मोठ्या कुंड्यांत लावत. हिवाळा आला की कुंड्या उचलून बंदिस्त घरात नेत आणि उन्हाळ्यात पुन्हा बाहेर आणत.

या कुंड्यांनी माळ्यांना बेजार केले होते. मातीची कुंडी उचलताना फुटे. लाकडाची कुंडी पाण्याने कुजे, आणि झाडाची मुळे वाढली की तिच्या फळ्या फाकत. मोनिए यांनी सिमेंटची कुंडी करून पाहिली. ती कुजत नव्हती, पण धक्का लागला की तिला तडा जाई. तेव्हा त्यांनी आणखी एक प्रयोग केला. लोखंडी तारांची जाळी करून तिला कुंडीचा आकार दिला आणि त्या जाळीवर सिमेंटचा थर चढवला. ही कुंडी पातळ असूनही बळकट निघाली.

असे का झाले? काँक्रीटचा एक स्वभाव आहे. ते दाब भरपूर सहन करते, पण ताण सहन करू शकत नाही. खडूचेच उदाहरण घ्या. खडू उभा धरून टेबलावर दाबला तर सहसा मोडत नाही, पण दोन्ही टोके धरून वाकवला की लगेच मोडतो. लोखंडाचे तसे नाही. ते ताण उत्तम सहन करते. दोघांना एकत्र केले की दाब काँक्रीट घेते आणि ताण लोखंड घेते. शिवाय उन्हाने तापल्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, म्हणून त्यांची पकड सुटत नाही. चांगल्या प्रतीच्या काँक्रीटच्या आत असलेले लोखंड लवकर गंजतही नाही.

खरे सांगायचे तर ही कल्पना सुचलेले मोनिए हे एकटेच नव्हते. फ्रान्समध्येच लाम्बो नावाच्या गृहस्थाने लोखंडी जाळी आणि सिमेंट यांची एक होडी केली होती. १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती लोकांनी पाहिलीही होती. पण कल्पना सुचणे वेगळे आणि तिचा पाठपुरावा करणे वेगळे. मोनिए यांनी पाठपुरावा केला. १६ जुलै १८६७ रोजी त्यांनी कुंड्या व हौद यांसाठी पहिले पेटंट घेतले. पुढच्या वर्षी नळ आणि पाण्याच्या टाक्या, १८६९ साली इमारतीच्या भिंतींसाठी फरश्या आणि १८७३ साली पूल, अशी एकामागून एक पेटंटे त्यांनी मिळवली. १८७५ साली शाझले येथील एका वाड्याच्या खंदकावर त्यांच्या पद्धतीचा पूल बांधण्यात आला. त्याची लांबी सुमारे १४ मीटर आहे. लोखंड घातलेल्या काँक्रीटचा जगातील पहिला पूल म्हणून तो ओळखला जातो.

यानंतर त्यांचे लक्ष रेल्वेकडे गेले. त्या काळी युरोपात रेल्वेचे जाळे वेगाने पसरत होते. प्रत्येक किलोमीटरला शेकडो स्लीपर लागत आणि त्यांसाठी जंगलेच्या जंगले तोडली जात. लाकडी स्लीपर पावसाने कुजत, कीड त्यांना पोखरून टाकी. त्यांना डांबरापासून काढलेले तेल पाजत, तरीही काही वर्षांनी ते बदलावेच लागत. ही अडचण मोनिए यांना नवी नव्हती. कुंडीच्या लाकडाचे जे होत होते, तेच स्लीपरच्या लाकडाचे होत होते. म्हणून १८७७ साली त्यांनी लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या स्लीपरचे पेटंट घेतले.

पण हा स्लीपर यशस्वी झाला नाही. कुंडी एका जागी शांत उभी असते. स्लीपरवरून मात्र गाडीची चाके दिवसरात्र आदळत असतात. रूळ वरून दाबतो आणि खडी खालून रेटते. त्यामुळे स्लीपर रुळाच्या जागी एका बाजूला वाकू पाहतो, तर मधल्या भागात दुसऱ्या बाजूला. रुळाखाली त्याच्या तळाला ताण बसतो आणि मध्यभागी वरच्या बाजूला ताण बसतो. असे हजारो वेळा झाले की काँक्रीटला बारीक तडे पडतात. तड्यांतून पाणी आत शिरते, लोखंड गंजते आणि गंजलेले लोखंड फुगून काँक्रीट फोडते. शिवाय लाकडात खिळा ठोकून रूळ पक्का करता येतो, तसा काँक्रीटमध्ये ठोकता येत नाही. रेल्वे कंपन्यांनी लाकूड सोडले नाही.

मोनिए हे अनुभवाने शिकलेले कारागीर होते. लोखंड नेमके कोठे आणि किती घालावे, याचे गणित त्यांच्याजवळ नव्हते. त्यांच्या पेटंटचे हक्क जर्मनीतील बांधकाम कंपन्यांनी विकत घेतले. १८८६ साली कोनेन या जर्मन इंजिनियरने हिशेब मांडून दाखवला, की लोखंड जेथे ताण बसतो तेथे घातले पाहिजे. त्यानंतर या पद्धतीने बांधलेल्या इमारती आणि पूल युरोपभर दिसू लागले. जर्मनीत तर लोक या बांधकामाला मोनिए यांच्याच नावाने ओळखू लागले.

नाव झाले, पण धन टिकले नाही. १८८८ साली मोनिए यांचे दिवाळे निघाले. तेव्हा त्यांचे वय चौसष्ट-पासष्ट होते. तरीही ते हिंमत हरले नाहीत. त्यांनी पुन्हा नव्याने व्यवसाय उभा केला. त्यांची शेवटची वर्षे मात्र हलाखीत गेली. ज्यांच्या पद्धतीवर इतरांनी मोठमोठ्या कंपन्या उभारल्या, त्या मोनिए यांना म्हातारपणी पैशांची ददात सोसावी लागली. १३ मार्च १९०६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी जगातील बहुतेक सर्व गाड्या लाकडी किंवा लोखंडी स्लीपरांवरूनच धावत होत्या.

मग त्यांचा काँक्रीटचा स्लीपर रुळाखाली आला कसा? त्याची वाट आणखी एका फ्रेंच माणसाने मोकळी केली. त्यांचे नाव युजेन फ्रेसिने. १९२८ साली त्यांनी नवीन पद्धतीचे पेटंट घेतले. या पद्धतीत पोलादाच्या मजबूत तारा आधी जोराने ताणून धरतात. मग त्यांच्याभोवती काँक्रीट ओततात. काँक्रीट घट्ट झाले की तारांची टोके मोकळी करतात. ताणलेली तार आखडू पाहते आणि काँक्रीटला दोन्ही टोकांकडून दाबून धरते. हे समजण्यासाठी एक प्रयोग करा. सात-आठ पुस्तके ओळीने लावा आणि दोन्ही हातांनी बाजूंनी जोरात दाबून उचला. मधले एकही पुस्तक पडणार नाही. तसेच येथे होते. गाडीचा ताण आला, तरी आधी हा दाब संपावा लागतो. तोपर्यंत काँक्रीटला तडा जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात लाकडाचा मोठा तुटवडा पडला. तेव्हा १९४३ साली ब्रिटनमध्ये असे स्लीपर रुळांखाली घालण्यात आले. फ्रान्समध्ये वेगळा नमुनाही तयार झाला. स्लीपरच्या मधल्या भागाला तडे जातात, तर मधले काँक्रीटच काढून टाकले. प्रत्येक रुळाखाली एक ठोकळा ठेवला आणि दोन ठोकळे पोलादी दांड्याने जोडले.

आपल्या देशात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. पुढे रेल्वे वाढली, तशी हिमालयातील देवदार आणि मध्य भारतातील साल या वृक्षांवर कुऱ्हाड चालली. आपल्याकडचा पाऊस आणि वाळवी यांपुढे लाकूड टिकेना. म्हणून ओतीव लोखंडाचे आणि पोलादाचेही स्लीपर वापरले गेले. पण समुद्रकाठच्या हवेत ते गंजत. सिग्नलसाठी रुळांतून वीज खेळवायची असेल, तेथेही लोखंड अडचणीचे ठरे. १९६० नंतर मात्र ताणलेल्या तारांचे काँक्रीट स्लीपर येऊ लागले. आज आपल्या रुंद मार्गावरील असा स्लीपर २.७५ मीटर लांब आणि २५० किलोहून अधिक वजनाचा असतो. मुख्य मार्गांवर एका किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर लागतात. म्हणजे एका किलोमीटरमध्ये ४०० टनांहून अधिक काँक्रीट रुळांना धरून ठेवते. हा भार उपयोगाचाच आहे. कडक उन्हात जोडलेले लांब रूळ वाकडे होऊ पाहतात, तेव्हा हा जड स्लीपर त्यांना जागेवरून हलू देत नाही. रूळ पक्के करण्यासाठी काँक्रीट ओततानाच त्यात लोखंडी पकड बसवतात आणि रुळाखाली रबराची गादी ठेवतात. खिळ्याची जुनी अडचण अशी सुटली.

कोणतीही मोठी वस्तू एका माणसाच्या हातून पूर्ण होत नाही. एकाला कल्पना सुचते, दुसरा तिचा हिशेब मांडतो, तिसरा तिच्यातील उणीव दूर करतो. मोनिए यांचा स्लीपर त्यांच्या हयातीत अपयशी ठरला, म्हणून तो वाया गेला असे आपण म्हणू का? पुढच्या वेळी फलाटावर उभे राहाल, तेव्हा रुळांखालच्या त्या राखाडी ठोकळ्यांकडे जरूर पाहा. वयाच्या सतराव्या वर्षानंतर अक्षरे शिकलेल्या एका माळ्याची तुम्हांला आठवण येईल.

शब्दार्थ
निरखून पाहणे – बारकाईने पाहणे
कसब – कौशल्य
दिवेलागण – संध्याकाळी दिवे लावण्याची वेळ
बेजार करणे – त्रास देऊन हैराण करणे
पाठपुरावा करणे – एखादे काम नेटाने पुढे नेणे
दिवाळे निघणे – कर्ज फेडण्याची ऐपत न उरणे
हलाखी – अतिशय गरिबी
ददात – उणीव, टंचाई

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जोसेफला लहानपणी शाळेत का घातले नाही?
(आ) संत्र्याची झाडे कुंड्यांत का लावत?
(इ) काँक्रीटच्या स्लीपरचे पेटंट मोनिए यांनी कोणत्या साली घेतले?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मोनिए यांचा स्लीपर यशस्वी का झाला नाही?
(आ) फ्रेसिने यांनी ही अडचण कशी दूर केली?
३. वाक्यांत उपयोग करा : पाठपुरावा करणे, बेजार करणे.
४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधून लिहा.
५. उपक्रम : आपल्या गावात इमारतीचे बांधकाम चालू असेल तर मोठ्या माणसांबरोबर जाऊन ते दुरून पाहा. छताच्या सळया कोठे बांधल्या आहेत, हे गवंड्याला विचारून पाच ओळी लिहा.