सर्वांविरुद्ध एक मत

अमेरिकेच्या राजकारणात दोनच पक्षांना जागा आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे आणि तो बव्हंशी खराही आहे. रिपब्लिकन व डेमोक्रॅटिक या दोन पक्षांखेरीज जे पक्ष तेथे वेळोवेळी निघाले, त्यांतील बहुतेक थोड्याच निवडणुकांत विरून गेले. तथापि न्यूयॉर्कमधील एका गरीब वस्तीने अशाच एका तिसऱ्या पक्षाच्या वकिलाला पुनःपुन्हा काँग्रेसमध्ये पाठविले आणि अखेर त्याला घालविण्यासाठी दोन्ही मोठ्या पक्षांना हातमिळवणी करावी लागली. व्हिटो मार्कँटोनिओ हे त्या वकिलाचे नाव. लहान पक्षाचा एकटा प्रतिनिधी काय करू शकतो आणि कोठे थांबतो, हे समजून घेण्यासाठी त्यांचे चरित्र आजही पाहण्यासारखे आहे.

मार्कँटोनिओ यांचा जन्म १० डिसेंबर १९०२ रोजी ईस्ट हार्लेममध्ये झाला. वडील सुतार होते आणि आई इटलीहून आलेली होती. त्या काळी ही इटालियन स्थलांतरितांची दाट वस्ती होती. शाळेत असताना वृद्धांच्या निवृत्तिवेतनाविषयी त्यांनी केलेले भाषण फिओरेल्लो ला गार्डिया यांच्या कानी पडले. पुढे न्यूयॉर्कचे महापौर म्हणून गाजलेल्या या नेत्याने त्या मुलातील गुण हेरले आणि त्याला आपल्या पंखाखाली घेतले. १९२४ मध्ये ला गार्डिया यांच्या निवडणूक प्रचाराची व्यवस्था या तरुणाकडे होती. १९२५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळाली, पुढच्या वर्षी सनद मिळाली आणि १९३०-३१ मध्ये त्यांनी साहाय्यक केंद्रीय सरकारी वकील म्हणूनही काम केले. ला गार्डिया ज्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करीत, त्याच मतदारसंघातून १९३४ मध्ये ते प्रतिनिधिगृहात निवडून आले. त्या वेळी त्यांची उमेदवारी रिपब्लिकन पक्षाची होती.

१९३६ मध्ये त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांनी अमेरिकन लेबर पार्टी स्थापन केली. शहरातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या भ्रष्ट यंत्रणेला मत न देता रूझवेल्ट यांना मत देता यावे, हा तिचा मूळ हेतू होता. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानुसार एकाच उमेदवाराला एकाहून अधिक पक्षांची उमेदवारी घेता येते आणि त्या सर्वांच्या नावावर पडलेली मते एकत्र मोजली जातात. १९३८ मध्ये मार्कँटोनिओ या नव्या पक्षाचे प्रतिनिधी म्हणून काँग्रेसमध्ये परतले आणि १९५१ च्या आरंभापर्यंत तेथे राहिले. १९४२ मध्ये तर त्यांनी स्वतःच्या पक्षाबरोबरच दोन्ही मोठ्या पक्षांची उमेदवारीही मतदारांकडून मिळविली.

हे यश केवळ वक्तृत्वाचे नव्हते. वॉशिंग्टनचे कामकाज आटोपून ते नेमाने आपल्या वस्तीत येत आणि कार्यालयात तासन् तास माणसांना भेटत. घरमालकाने काढलेली नोटीस, अडलेले निवृत्तिवेतन, नागरिकत्वाचे रखडलेले कागद, अशी गाऱ्हाणी घेऊन लोक रांगेत बसत. वकिलीचे ज्ञान त्यांनी येथे मुक्तहस्ते वापरले. आपला मतदार कोणत्या पक्षाचा आहे, ही चौकशी तेथे होत नसे. परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाला सरकार नावाची गोष्ट प्रथम त्या कार्यालयातच ओळखीची वाटू लागली असेल, तर नवल नाही.

या मतदारसंघात प्वेर्तो रिकोहून आलेल्यांची संख्या वाढत होती. १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेलेल्या या बेटातील लोकांना १९१७ मध्ये अमेरिकन नागरिकत्व मिळाले होते. पण बेटावर राहणाऱ्यांना काँग्रेसमध्ये मताचा अधिकार असलेला प्रतिनिधी नव्हता. ती उणीव मार्कँटोनिओ यांनी आपल्या परीने भरून काढली. १९३६ मध्ये त्यांनी बेटाच्या स्वातंत्र्याचे विधेयक मांडले. तेथील राष्ट्रवादी नेते पेद्रो अल्बिसु कांपोस यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणूनही ते उभे राहिले. साम्राज्यसत्तेच्या राजधानीत, तिच्याच विधिमंडळात बसून, वसाहतीच्या मुक्ततेची मागणी करणारा प्रतिनिधी म्हणून भारतीय वाचकाला त्यांच्याविषयी आपुलकी वाटावी.

दुसरा मोठा झगडा मतदान-कराचा होता. दक्षिणेतील अनेक राज्यांत हा कर भरल्याशिवाय मत देता येत नसे. त्यामुळे बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि असंख्य गरीब गोरेही मतदानापासून दूर राहत. तो रद्द करणारे मार्कँटोनिओ यांचे विधेयक १९४३ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केले. परंतु सीनेटमध्ये दाक्षिणात्य सदस्यांनी ते अडवून धरले. पुढेही असेच घडले. तरीही त्यांनी तो विषय सोडला नाही.

त्यांच्या राजकारणाची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. परराष्ट्र धोरणात त्यांची भूमिका पुष्कळदा कम्युनिस्टांच्या भूमिकेशी जुळणारी असे. १९४० मध्ये संरक्षण खर्चाच्या वाढीला त्यांनी कडाडून विरोध केला. आणि जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर तेच युद्धप्रयत्नांचे पुरस्कर्ते झाले. ही कलाटणी केवळ तत्त्वनिष्ठेने समजावून सांगता येणे कठीण आहे. घरच्या अन्यायाकडे पाहताना जी दृष्टी इतकी तीक्ष्ण होती, ती स्टालिनच्या राजवटीकडे पाहताना मंद झाली, असेच म्हणावे लागते. एकटा पडलेला माणूस केवळ एकटा आहे म्हणून बरोबर ठरत नाही, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावयास हवे.

महायुद्ध संपले आणि शीतयुद्धाचे वारे वाहू लागले, तसे त्यांचे विरोधक सरसावले. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने विल्सन-पकुला कायदा केला. दुसऱ्या पक्षाची उमेदवारी मिळविण्यासाठी त्या पक्षाच्या समितीची संमती त्याने आवश्यक केली. त्याचा रोख मार्कँटोनिओ यांच्यावर होता, हे उघड होते. तरी १९४८ मध्ये केवळ लेबर पार्टीच्या नावावर, तिरंगी लढतीत, ते पुन्हा निवडून आले. १९४९ मध्ये महापौरपदासाठी उभे राहून त्यांनी साडेतीन लाखांवर मते मिळविली, पण ते तिसरे राहिले. १९५० च्या जूनमध्ये कोरियातील लष्करी हस्तक्षेपाला प्रतिनिधिगृहात त्यांनी एकट्याने विरोध केला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन आणि लिबरल या तिन्ही पक्षांनी मिळून एकच उमेदवार दिला आणि मार्कँटोनिओ पराभूत झाले. तरीही चाळीस टक्क्यांहून अधिक मते त्यांच्याच पारड्यात पडली होती.

काँग्रेसमधील जागा गेली तरी वकिली हातात होती. १९५१ मध्ये थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्यावर परकीय सत्तेचे हस्तक म्हणून नोंदणी न केल्याचा आरोप ठेवण्यात आला. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्यांच्याशी पत्रव्यवहार केला, तेच हे द्यू बॉइस. त्या वेळी त्यांचे वय त्र्याऐंशी होते. मार्कँटोनिओ यांनी फी न घेता त्यांचा खटला चालविला. परकीय सत्तेशी प्रत्यक्ष संबंध सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, हा मुद्दा त्यांनी लावून धरला. सरकारला तो पुरावा देता आला नाही आणि न्यायाधीशांनी आरोपींना निर्दोष सोडले.

९ ऑगस्ट १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या सिटी हॉलजवळ रस्त्यातच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. वय अवघे ५१ वर्षांचे होते आणि पुन्हा काँग्रेसची निवडणूक लढविण्याची तयारी चालू होती. कॅथलिक धर्मपीठाने धार्मिक विधींनी दफन करण्यास नकार दिला. वुडलॉन दफनभूमीत, जेथे त्यांचे गुरू ला गार्डिया चिरनिद्रा घेत होते, तेथेच त्यांना मूठमाती मिळाली. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, लेबर पार्टीही विसर्जित झाली.

एका माणसाच्या कर्तृत्वावर उभा राहिलेला पक्ष त्या माणसामागे टिकत नाही, ही या चरित्रातील सल आहे. पण हिशेब तेथे संपत नाही. १९६४ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने केंद्रीय निवडणुकांतील मतदान-कर गेला आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो राज्यांच्या निवडणुकांतूनही हद्दपार केला. ज्या मागणीसाठी मार्कँटोनिओ वर्षानुवर्षे सभागृहात उभे राहिले, ती देशाने त्यांच्या मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांत आपलीशी केली. अल्पमताला सभागृहात बसू देणे हे बहुमताचे औदार्य नसून त्याच्याच हिताची गोष्ट आहे. उद्याच्या बहुमताचा विचार आज कोणत्या एकट्या सदस्याच्या तोंडून बाहेर पडतो आहे, हे मतमोजणीच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.