पिठातल्या किड्यांनी दिलेली साक्ष

आमच्या युसूफ वडगावात माझ्या जावेला तिसरी मुलगी झाली. बारशाला आलेल्या बाया तिच्याकडं बघून नुसत्या उसासे टाकत होत्या. जणू लेक तिनं एकटीनंच आणली! मला तेव्हा नेटी स्टिव्हन्स या बाईची फार आठवण झाली.

मैत्रिणींनो, नेटीचा जन्म 1861 चा, अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला. वडील सुतारकाम करायचे. आई लवकर गेली. नेटीनं शाळेत शिकवलं, ग्रंथालयात काम केलं, पै-पै साठवली आणि 1896 मध्ये, पस्तिशीत, स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातलं. आपल्याकडं या वयात बाई लेकीच्या लग्नाची काळजी करायला लागते! 1903 मध्ये ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजातून तिनं डॉक्टरेट मिळवली.

आईबापाचे गुण लेकरात कशातून उतरतात, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. 1869 मध्ये मिशर यांना जखमेच्या पट्ट्यांवरच्या पुवात, पेशींच्या केंद्रकात, एक वेगळाच पदार्थ सापडला. त्याचं नाव न्यूक्लिन. पुढं फ्लेमिंग यांनी केंद्रकातल्या रंग धरणाऱ्या द्रव्याला क्रोमॅटिन म्हटलं. 1888 मध्ये त्याच्या धाग्यांना क्रोमोसोम, म्हणजे रंगलेली काया, हे नाव मिळालं. आपण त्यालाच गुणसूत्र म्हणतो. नावं झाली, पण मुलगा की मुलगी हे ठरतं कशानं? आईच्या खाण्यापिण्यावर, हवामानावर, असं शिकलेले लोकसुद्धा मानायचे.

नेटीनं पिठात होणारे किडे घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिकाटीनं मोजत बसली. मादीच्या पेशीत 20 मोठी गुणसूत्रं. नराच्या पेशीत 19 मोठी आणि एक अगदी बारकं. नराच्या निम्म्या बीजात ते बारकं जातं. ते बीज अंड्याला मिळालं की नर, नाहीतर मादी. हे 1905 साली छापून आलं. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही असंच मांडलं, आणि पुढं कौतुक जास्त त्यांचंच झालं.

तिच्यासाठी कॉलेजानं संशोधनाची खास जागा तयार केली होती. पण त्या खुर्चीवर बसायच्या आधीच, 1912 मध्ये, स्तनाच्या कॅन्सरनं ती गेली. वय अवघं 50.

माणसातही तसंच आहे. आईकडून एक्सच येतो. बापाकडून एक्स किंवा वाय. म्हणजे बाईला दोष द्यायला जागाच नाही. बापालाही नको, कारण कोणतं बीज पुढं जाईल हे त्याच्या हातात थोडंच असतं? तरी 2011 च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागं फक्त 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. ही शरम कुणाची?

बारशाच्या दिवशी मी हे सगळं बायांना सांगितलं. दोघी-तिघींनी तोंड वाकडं केलं. पण माझी जाऊ त्या दिवसात पहिल्यांदाच मान वर करून पाळण्याजवळ बसली. नेटीबाई, तुमचे उपकार!