कर्मवीर दादासाहेब गायकवाड : दिंडोरीचे सुपुत्र

दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी १५ ऑक्टोबर १९०२ रोजी एका महार कुटुंबात भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म झाला. पुढे ते दादासाहेब या नावाने सर्वपरिचित झाले. त्यांच्या मंदिर सत्याग्रहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; आम्हांला मात्र येथे त्यांच्या वसतिगृहाच्या कार्याकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

त्या काळी महार वतनामुळे संपूर्ण कुटुंब गावाशी बांधलेले असे. सरकारी निरोप पोहोचविणे, गावाची राखण करणे ही कामे कोणत्याही वेळी अंगावर येत आणि मोबदला अत्यल्प मिळे. पित्याच्या जागी मुलालाही राबावे लागे. तशातूनही एखादा मुलगा प्राथमिक शाळा पार करी, परंतु पुढील शिक्षण शहरात, आणि शहरात त्यास कोणी खोली देत नसे. शाळेचे दार उघडे असूनही रात्री पाठ टेकण्यास जागा नाही, म्हणून कित्येकांचे शिक्षण थांबले. नाशिक येथे दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे काम दादासाहेबांनी अंगावर घेतले, ते या अडचणीमुळेच.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याचा प्रत्यक्ष भार दादासाहेबांनी वाहिला. अनेक वर्षे लढा चालूनही सत्याग्रहींसाठी मंदिराचे दार उघडले नाही. १९३७ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर गेले व १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. १९५९ व १९६४ साली भूमिहीनांच्या सत्याग्रहांत हजारोंनी कारावास पत्करला. जमिनीवाचून घर उभे राहत नाही आणि घरावाचून मूल शाळेत टिकत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

१९५६ च्या धर्मांतरानंतर नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या सवलतींचा प्रश्न निर्माण झाला. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत मान्यता दिली ती १९९० साली. दलित ख्रिस्ती मुलांना ती अद्याप नाही. आमच्या धर्मग्रामांतील पालकांना ही व्यथा वेगळी सांगावयास नको.

१९६८ साली दादासाहेबांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते निवर्तले. त्यांच्या नावाने राज्य शासनाची योजना भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांस ४ एकर जिरायती किंवा २ एकर बागायती जमीन देण्यासाठी आहे.