नालवाडीचे सूत

विनोबा भावे यांचे नाव निघाले की डोळ्यांपुढे उभी राहते ती भूदानाची पदयात्रा. डोक्यावर हिरवी टोपी, अंगावर आखूड पंचा आणि भरभर पडणारी पावले, असेच त्यांचे चित्र देशाच्या मनात ठसले आहे. पण ही यात्रा सुरू होण्यापूर्वी तीस वर्षे हा पुरुष वर्धा जिल्ह्यात एका जागी बसून सूत कातीत होता, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्या बैठकीवाचून पुढची चाल त्यांना साधली असती असे वाटत नाही.

विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. हा जिल्हा आज रायगड या नावाने ओळखला जातो. त्यांचे मूळ नाव विनायक. वडील नरहर शंभुराव हे बडोद्यास नोकरीला होते. त्यांना विणकाम अवगत होते आणि कापड रंगविण्याच्या शास्त्राचे मोठे वेड होते. घरी परतले तरी त्यांचे प्रयोग संपत नसत. कापडाचे लहान लहान तुकडे निरनिराळ्या रंगांत बुडवावेत, सुकवावेत, कोणता रंग टिकतो आणि कोणता उडतो हे पाहावे, हाच त्यांचा छंद. यंत्रांविषयी आणि नव्या विज्ञानाविषयी त्यांना आदर होता. मुलानेही आधुनिक विद्या शिकून मोठे व्हावे, ही त्यांची इच्छा. म्हणून त्यांनी त्याला शाळेत फ्रेंच भाषा घ्यावयास लावली. आई रुक्मिणीबाईंचा ओढा मात्र भक्तीकडे होता. मुलाने आईचा मार्ग धरला असे सर्वजण म्हणतात, आणि ते खरेच आहे. परंतु एखादी गोष्ट मोजून, पारखून, पुन्हा पुन्हा करून पाहिल्यावाचून स्वीकारावयाची नाही, हा वडिलांचा स्वभावही त्याच्या रक्तात उतरला होता. वडिलांनी रंगांची परीक्षा पाहिली. मुलाने आयुष्यभर पांढऱ्या धाग्याची पाहिली.

1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनायक वाटेत सुरतेस उतरले आणि तेथून थेट काशीला गेले. तेथे महात्मा गांधींच्या एका भाषणाचा वृत्तान्त त्यांच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला आणि 7 जून 1916 रोजी ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाले. आश्रमात त्या वेळी चरखा आलेला नव्हता. गिरणीचे सूत आणून त्यावर विणकाम चाले. विनोबांनी प्रथम हातात घेतला तो माग. ते तासन्‌तास नवार विणीत. पुढे आश्रमात चरखा आला, तेव्हा लक्षात आले की नुसते विणून भागत नाही, सूतही आपलेच हवे. आणि सूत चांगले हवे तर पिंजणही आपल्याच हातचे हवे. अशा रीतीने मागापासून उलट्या पावलांनी चालत विनोबा कापसाच्या बोंडापर्यंत येऊन पोचले.

आणि कापसाच्या बोंडाचा मुलूख म्हणजे वऱ्हाड आणि वर्धा. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यास आश्रमाची शाखा मागितली, तेव्हा गांधीजींनी विनोबांना पाठविले. 8 एप्रिल 1921 रोजी ते वर्ध्यास आले. हा जिल्हा काळ्या जमिनीचा. हिंगणघाटच्या कापसाचे नाव दूरदूरच्या बाजारपेठांत गाजलेले. पुलगावला आणि हिंगणघाटला गिरण्यांचे भोंगे वाजत. परंतु कापूस पिकविणाऱ्या खेड्यातील माणूस मात्र शेतातला कापूस गाडीत भरून बाजारी नेई आणि येताना दुकानातले कापड उधारीवर घेऊन येई. दिवाळीनंतर कापूस विकला की पुढच्या पेरणीपर्यंत घरातील बायामाणसांना काम नसे. चरखा या रिकाम्या हातांसाठी होता.

परंतु एक गोष्ट विनोबांना सलत होती. कातणाऱ्या बाईला दिवसभराच्या श्रमाबद्दल मिळे काय? एक-दोन आणे. खादीचा प्रचार करणारे कार्यकर्ते महिन्याचे वेतन घेत, खादी घालणाऱ्यांना पुण्य लाभे. पण ज्या हातांनी सूत निघे ते हात अर्धपोटीच राहत. ही तक्रार सभेत मांडता आली असती. विनोबांनी ती मांडण्याआधी स्वतःच्या देहावर करून पाहावयाचे ठरविले.

धुळ्याच्या तुरुंगातून सुटून आल्यावर डिसेंबर 1932 मध्ये ते वर्धा शहरापासून दोन मैलांवरील नालवाडी या खेड्यात राहावयास गेले. गावात बहुतेक वस्ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची होती. गीतेवरील प्रवचनांनी आणि 'गीताई'ने ज्याचे नाव महाराष्ट्रात पोचले होते, असा हा पंडित तेथे मजुरासारखा राहू लागला. आपण कातलेल्या सुताची जी मजुरी होईल तिच्यातच आपले पोट भरावयाचे, हा त्यांचा निश्चय होता. 1935 साली तर हा प्रयोग अतिशय कडक झाला. मजुरीचा हिशेब पैपैने ठेवला जाई आणि आहारही तोळ्यांनी मोजून घेतला जाई.

त्या कामाची रीत समजून घेतली म्हणजे त्यातील कष्ट ध्यानात येतात. कापसातून प्रथम सरकी काढावयाची. मग रुई पिंजणीच्या तातेवर धरून तिचा तंतू न्‌ तंतू मोकळा करावयाचा. पिंजलेल्या रुईचे हलक्या हाताने पेळू वळावयाचे. पेळू कोठे जाड, कोठे पातळ झाला की सूतही तसेच निघते, आणि मागावर ते तुटते. एका हाताने चरख्याचे चाक फिरते, दुसऱ्या हातातील पेळूतून चातीच्या टोकावर धागा ओढला जातो. हात मागे जाईल तितका धागा लांबतो, मग चाक किंचित उलटे फिरवून तो चातीवर गुंडाळावयाचा. पीळ कमी पडला तर धागा सुटतो. जास्त पडला तर गाठी पडतात. पावसाळ्यात रुई दमट होते आणि तात सैल पडते. वैशाखात विदर्भाचे कोरडे ऊन असे की तंतू कडक होऊन धागा क्षणाक्षणाला तुटतो. हे सारे पुस्तकात वाचून कळत नाही. बोटांनाच ते कळावे लागते.

सूत भरले की ते फाळक्यावर उतरवावयाचे. चार फुटांचा एक तार, असे 640 तार झाले म्हणजे एक गुंडी. विनोबांचा हात इतका तयार झाला होता की एका गुंडीस त्यांना सुमारे दोन तास लागत. दिवसाकाठी चार गुंड्या म्हणजे आठ तासांचे काम. चार गुंड्यांची लांबी 10,240 फूट होते. नालवाडीहून वर्ध्याला जाण्याचे अंतर जवळजवळ तेवढेच. म्हणजे एवढी वाट भरेल इतका धागा हा मनुष्य रोज बोटांतून काढीत असे. एकाच हातावर भार पडू नये म्हणून ते कधी उजव्या हाताने कातीत, कधी डाव्या. कातता कातताच ते विद्यार्थ्यांना शिकवीत. चाक थांबत नसे आणि पाठही थांबत नसे.

आणि एवढे करून हाती काय येई? आठ तास निष्ठेने, कसबी हाताने काम करूनही पोटापुरते मिळणे कठीण, हेच या प्रयोगाने दिसून आले. खेड्यातील बाईचा हात विनोबांइतका तयार नसे. तिच्या पदरी मुलेबाळे असत. तिचे कसे भागावे? गांधीजी त्या सुमारास वर्ध्यासच मगनवाडीत राहत होते. त्यांनाही हा प्रश्न जाळीत होता. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत, असा विचार त्यांनी मांडला. एवढी मजल एकदम गाठता आली नाही. परंतु 1935 मध्ये अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती किमान मजुरी देण्याचे तत्त्व मान्य केले. खादी महागली, तिचे गिऱ्हाईक कुरकुरले. स्वस्त कापड हवे असणाऱ्याने ते कोणाच्या उपासावर स्वस्त झाले आहे हे पाहिले पाहिजे, हा विचार त्या काळी अनेकांना रुचला नाही. तो आजही सर्वांना रुचतो असे नाही.

नालवाडी मात्र उद्योगांनी गजबजू लागली. 1934 साली तेथे ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली होती. खादीचे काम वाढले. मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचा, ज्याला उच्चवर्णीय शिवत नसत असा उद्योगही गोपाळराव वाळुंजकरांनी तेथे उभा केला. 1937 साली वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि उद्योगातून शिक्षण देण्याची योजना आखण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली; तिच्या सभासदांत विनोबा होते. टकळी हे शाळेचे साधन व्हावे, या सूचनेमागे नालवाडीच्या ओसरीवरचा अनुभव होता.

एवढ्या श्रमांचा आणि तुटपुंज्या आहाराचा परिणाम शरीरावर झाल्याशिवाय राहिला नाही. 1938 पर्यंत विनोबांचे वजन 88 पौंडांवर आले. गांधीजींनी त्यांना थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा आग्रह केला. विनोबांनी जवळचेच पवनार निवडले. धाम नदीच्या काठी, टेकडावर, जमनालालजींचा बंगला रिकामा होता. 7 मार्च 1938 रोजी ते तेथे गेले. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातील सर्व चिंता तेथेच टाकून दिल्या, असे सांगतात. तेथे त्यांनी औषध घेतले ते कुदळीचे. रोज थोडे थोडे खणावयाचे. खणता खणता जुन्या मूर्ती निघाल्या. त्यांत रामभरताच्या भेटीचे एक शिल्प होते. काही महिन्यांत त्यांचे वजन चाळीस पौंडांनी वाढले. टकळी येथेही सुटली नाही. पिंजणीचाही खटाटोप वाचावा म्हणून रुईचे तंतू हातानेच ओढून सरळ करण्याच्या 'तुनाई'चा ते पुरस्कार करू लागले. साधन जितके साधे, तितके ते गरिबाच्या झोपडीत शिरते, अशी त्यांची दृष्टी होती.

17 ऑक्टोबर 1940 रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला मान गांधीजींनी विनोबांना दिला, तेव्हा देशातील पुष्कळांनी हे नाव प्रथमच ऐकले. पवनारमध्ये त्यांनी युद्धविरोधी भाषण केले आणि त्यांना अटक झाली. पुढची वर्षे तुरुंगात आणि आश्रमात गेली.

1948 मध्ये गांधीजींचा वध झाला. त्यांच्या अस्थींचा काही भाग 12 फेब्रुवारी रोजी पवनारला धाम नदीत विसर्जित करण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ काय वाहावे, याचा विनोबांनी विचार केला. फुले नकोत, पैसाही नको. ज्याची श्रद्धा असेल त्याने स्वतः कातलेली एक गुंडी वाहावी. या समर्पणाला 'सूतांजली' असे नाव मिळाले. श्रीमंताची गुंडीही 640 तारांची आणि मजुराचीही तेवढ्याच तारांची.

8 मार्च 1951 रोजी विनोबा हैदराबादकडे पायी निघाले आणि 18 एप्रिलला पोचमपल्ली येथे भूदानाचा उगम झाला. त्यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. तेरा वर्षे ते देशभर चालत राहिले. 1959 मध्ये पवनारला त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले आणि वार्धक्य आल्यावर ते तेथेच परतले. नोव्हेंबर 1982 मध्ये आजार बळावला, तेव्हा त्यांनी अन्न, पाणी आणि औषध वर्ज्य केले. 15 नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवशी, धाम नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. ज्या वाटेच्या लांबीएवढे सूत त्यांनी रोज कातले, ती नालवाडीची वाट तेथून फार दूर नाही.